शोधनिबंधामागचे कोठार

भंडारा-गोंदियाचा धानपट्टा मागे टाकून आगगाडी पूर्वेकडे निघाली की राजनांदगाव आणि दुर्ग ही गावे घेत ती रायपूरला पोचते. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या मुलखाची आणि विदर्भाची राजधानी एकच होती, ती म्हणजे नागपूर. पुढे राज्ये निराळी झाली, २००० साली छत्तीसगड हे स्वतंत्र राज्यही झाले. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यापासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेली धानाची शेती काही तुटली नाही. छत्तीसगडला तेथील लोक धानाचा कटोरा म्हणतात, ते यथार्थ आहे. दुबराज, विष्णुभोग, जवाफूल, सफरी, गुरमटिया अशी नुसती नावे घेतली तरी त्या मातीचे वैभव ध्यानात येते. काही जाती सुवासाकरिता सांभाळलेल्या, काही उथळ जमिनीत लवकर हाती येणाऱ्या, तर काही पाणथळ बांधातही तग धरणाऱ्या. शेकडो वर्षे हे ज्ञान शेतकऱ्याच्या घरातील कणगीत आणि त्याच्या स्मरणात राहिले.

ते कागदावर आणण्याचे मोठे काम डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी केले. साठच्या दशकात ते कटक येथील केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशातून येणाऱ्या नव्या वाणांबरोबर नवे रोगही देशात शिरतील, असा त्यांचा आक्षेप होता. त्या वादात त्यांना ते पद सोडावे लागले. त्यानंतर सत्तरच्या दशकात त्यांनी रायपूरला मध्य प्रदेश तांदूळ संशोधन संस्थेत बसून छत्तीसगडच्या गावोगावचे सुमारे १९,००० नमुने गोळा केले. ती संस्था त्याच दशकात बंद पडली. पण संग्रह उरला, आणि आज तो रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या स्वाधीन आहे. रिछारिया १९९६ साली निवर्तले. त्यांनी जमविलेल्या धानाचा उल्लेख झाल्याशिवाय भारतातील भातसंशोधनाचा इतिहास पुरा होत नाही.

अशा संग्रहाचे खरे मोल कशात असते? पाकिटात दाणे असतात हे खरे. परंतु पाकिटावर क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकापुढे नोंदवहीत त्या वाणाची कुळकथा असते. त्याचे स्थानिक नाव काय, तो कोठल्या गावचा, लोंबी किती दिवसांनी आली, ताटाची उंची किती, दाणा लांबट की आखूड, ही ती कुळकथा. ती नोंद हरवली की दुबराज हा दुबराज राहत नाही. तो मूठभर धान होतो. उलटपक्षी, नोंदवही शाबूत राहिली पण कपाटाला कुलूप पडले आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला ठाऊक नसले, तरी निष्पत्ती तीच. शास्त्रीय संशोधनाच्या जगातही आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. फरक इतकाच की, तेथील धान म्हणजे आकडे आणि कोठार म्हणजे शोधनिबंधाची पुरवणी.

पूर्वी शास्त्रीय नियतकालिके कागदावर छापली जात. पानांची संख्या बेताची असे आणि प्रत्येक पानाला पैसे पडत. त्यामुळे संशोधकाने दहा वर्षे खपून घेतलेली मोजमापे निबंधात एखाद्या लहानशा सारणीत किंवा आलेखात आटून येत. बाकीच्या वह्या त्याच्या टेबलाच्या खणात राहत आणि तो सेवानिवृत्त झाला की बहुधा रद्दीत जात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात नियतकालिके संगणकाच्या जाळ्यावर आली आणि जागेची ही अडचण संपली. मूळ निबंध पूर्वीइतकाच आटोपशीर ठेवून त्याच्या सोबत मोजमापांची संपूर्ण कोष्टके, छायाचित्रे आणि गणिताच्या पायऱ्या जोडता येऊ लागल्या. या जोडपत्रांना पुरवणी-सामग्री म्हणतात. निबंधात लेखकाचा निष्कर्ष असतो, पुरवणीत त्या निष्कर्षाची साक्ष असते.

साक्ष न तपासता दिलेल्या निकालाला काय अर्थ असतो, हे २०२० साली साऱ्या जगाने पाहिले. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या २२ तारखेला ‘द लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात करोनाच्या ९६,०३२ रुग्णांविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध अपायकारक ठरते, असा त्याचा आशय होता. भारतात त्या वेळी हेच औषध डॉक्टर आणि परिचारिकांना प्रतिबंधक म्हणून दिले जात होते. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचण्यांतील त्या औषधाचा भाग थांबविला. मात्र निबंधाला रुग्णांची मूळ आकडेवारी जोडलेली नव्हती. ती पाहावयास मागितली तेव्हा ती पुरविणाऱ्या कंपनीने तपासनिसांच्या हाती देण्याचे नाकारले, आणि ४ जून रोजी तो निबंध मागे घ्यावा लागला. पुढे चाचण्यांतून त्या औषधाचा करोनावर उपयोग होत नाही असेच दिसले, ही गोष्ट वेगळी. निष्कर्ष योगायोगाने बरोबर ठरला म्हणून बिनसाक्षीचा निकाल न्याय्य ठरत नाही.

रायपूरशी निगडित असे एक उदाहरणही विचारात घेण्याजोगे आहे. छत्तीसगडच्या गठवन, महाराजी आणि लायचा या तीन पारंपरिक धानजातींत कर्करोगाच्या पेशींना अटकाव करणारे गुण आढळल्याचे वृत्त २०१९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. रायपूरचे कृषी विद्यापीठ आणि ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या संयुक्त कामाचा त्याला आधार होता. प्रयोगशाळेतील काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर दिसलेला गुण आणि माणसाच्या ताटातील भाताने होणारा गुण यांत फार मोठे अंतर असते. अर्काची मात्रा किती होती, तुलनेला कोठला तांदूळ घेतला होता, प्रयोग किती वेळा करून पाहिला, या प्रश्नांची उत्तरे बातमीत मावत नाहीत. ती निबंधाच्या सारण्यांत आणि पुरवण्यांतच शोधावी लागतात. ज्या घरात असाध्य रोगाचा रुग्ण अंथरुणाला खिळला आहे, त्या घरी ही बातमी जाते तेव्हा या कोष्टकांना जीवनमरणाचे मोल येते.

तथापि पुरवणी आहे म्हणून ती हाती येतेच असे नाही. रायपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला अवर्षणात टिकणाऱ्या धानाचा अभ्यास करावयाचा आहे, असे समजावे. जगभरच्या दोनशे निबंधांत या विषयीची मोजमापे विखुरलेली आहेत. एका प्रकाशकाच्या संकेतस्थळावर पुरवणी निबंधाच्या तळाशी असते, दुसऱ्याकडे ती वेगळ्या पानावर असते, तिसऱ्याकडे ती एका स्वतंत्र भांडारात ठेवलेली असते आणि निबंधात तिचा नुसता क्रमांक असतो. फाइलींची नावेही अशी की, एकीवरून दुसरी ओळखू येऊ नये. दोनशे निबंध उघडावयाचे, प्रत्येकातील दुवा हुडकावयाचा, फाइल उतरवून घ्यावयाची, तिला नाव द्यावयाचे. या हमालीत आठवडे जातात, एखादी फाइल राहून जाते, एखादी दुसरीच्या नावावर साठविली जाते. शिवाय सहा महिन्यांनी मार्गदर्शकाने विचारले की, हे कोष्टक नेमके कोठून आणले, तर सांगता येत नाही. वहीवरील धूळ झटकण्यातच ज्याची उमेद संपते, तो वही वाचणार केव्हा?

ही हमाली यंत्राच्या गळ्यात घालण्याचा प्रयत्न निरनिराळ्या देशांत झाला. त्यांपैकी ‘सप्डेटा’ या नावाची एक लहानशी संगणक-आज्ञावली विल पिअर्स आणि स्कॉट चेंबरलेन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. पिअर्स हे सजीवांच्या परस्परसंबंधांचे अभ्यासक. निरनिराळ्या निबंधांतील प्राणी-वनस्पतींची मोजमापे एकत्र आणणे हे त्या शास्त्राचे नित्याचेच काम असते. ही आज्ञावली ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत चालते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही भाषा संख्याशास्त्राकरिता घडविली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. त्यामुळे महागडी साधने विकत घेण्याची ऐपत नसलेल्या महाविद्यालयांनाही ती आपली वाटते.

या आज्ञावलीचे काम कसे चालते हे समजावयास फार कठीण नाही. आजकाल बहुतेक शास्त्रीय निबंधांना एक कायमचा क्रमांक दिलेला असतो. त्याला ‘डीओआय’ म्हणतात. जमिनीच्या सातबाऱ्यावर जसा गट क्रमांक, तसा निबंधाला हा क्रमांक. मालक बदलला, घर पाडून नवे बांधले, तरी गट क्रमांकावरून जमीन सापडते. तद्वत प्रकाशकाने आपले संकेतस्थळ बदलले तरी या क्रमांकावरून निबंध सापडावा, अशी योजना आहे. अभ्यासक आज्ञावलीला हा क्रमांक सांगतो आणि कितवी पुरवणी हवी ते सांगतो. क्रमांकावरून निबंध कोणत्या प्रकाशकाचा हे आज्ञावली ओळखते, त्या प्रकाशकाकडे पुरवण्या कोठे ठेवतात याची खूण तिच्या पोटात नोंदलेलीच असते, त्यानुसार ती फाइल आणून अभ्यासकाच्या संगणकावर ठेवते. एकदा आणलेली फाइल ती जवळ राखून ठेवते. तीच पुन्हा मागितली तर दाराशी पुन्हा जात नाही. काही नियतकालिके, काही सार्वजनिक माहितीभांडारे आणि जीवशास्त्रीय निबंधांचे युरोपातील मोठे ग्रंथागार यांच्यापर्यंत तिचा हात पोचतो. दोनशे निबंधांसाठी दोनशे ओळी, किंबहुना क्रमांकांची एक यादी आणि एक ओळ, एवढ्यावर काम भागते.

यात वेळ वाचतो हा लाभ उघड आहे; परंतु तो दुय्यम आहे. मुख्य लाभ असा की, आणण्याची कृतीच लिहून राहते. विद्यार्थ्याने आज्ञावलीला दिलेल्या ओळी हीच त्याची साक्षीदार वही. त्या ओळी तो आपल्या प्रबंधाला जोडू शकतो. पुण्याचा परीक्षक त्या आपल्या संगणकावर पुन्हा चालवून पाहू शकतो, आणि त्याला त्याच ठिकाणाहून तीच कोष्टके मिळाली पाहिजेत. ‘मी पाहिले म्हणून खरे’ याऐवजी ‘तुम्हीही पाहा’ असे म्हणता येणे, हेच शास्त्राचे व्रत होय.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. ही आज्ञावली कुलूप तोडत नाही. ज्या नियतकालिकाची वर्गणी संस्थेने भरलेली नाही, त्याचे बंद दार तिलाही बंदच असते. प्रकाशकाने आपली मांडणी बदलली की तिच्या खुणा चुकतात आणि कोणीतरी त्या दुरुस्त कराव्या लागतात. हे दुरुस्तीचे काम बहुधा विनामूल्य आणि फावल्या वेळात होते. म्हणूनच अशी साधने एक दिवस चालतात आणि दुसऱ्या दिवशी अडतात. आणलेल्या फाइलीत काय आहे, स्तंभांच्या डोक्यावरील अक्षरांचा अर्थ काय, हे तर यंत्र सांगतच नाही. ते शेवटी वाचणाऱ्यानेच समजून घ्यावयाचे असते.

पुरवण्या शेकड्यांनी नव्हे तर हजारांनी उतरवून तपासल्या तर काय निघते, याचे एक बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे घडले. मार्क झीमन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १८ नियतकालिकांतील २००५ ते २०१५ या काळातील निबंधांच्या ३५,१७५ एक्सेल फाइली यंत्राकरवी गोळा करून चाळल्या. जनुकांच्या याद्या असलेल्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत जनुकांची नावे बिघडलेली आढळली. कारण क्षुल्लक होते. ‘सेप्ट-टू’ किंवा ‘मार्च-वन’ अशी जनुकांची नावे दिसताच एक्सेल त्यांना तारखा समजे आणि त्यांच्या जागी २ सप्टेंबर, १ मार्च असे लिहून मोकळे होई. लेखकांनी ते पाहिले नाही, परीक्षकांनी पाहिले नाही, संपादकांनीही पाहिले नाही. २०१६ साली हे उघड झाले. २०२० साली मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने आपल्या नियमांत तशी सोय करून ती नावेच बदलून टाकली, आणि २०२३ साली एक्सेलच्या निर्मात्यांनीही हा आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय दिली. एकेक फाइल हाताने उघडून या दोषाची व्याप्ती कधीच दिसली नसती. कोठार एकदम उघडले म्हणून कीड दिसली.

आणि ज्या निबंधांना पुरवणीच नाही, त्यांचे काय होते? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात टिमथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. दोन ते बावीस वर्षांपूर्वीचे ५१६ निबंध निवडून त्यांनी लेखकांकडे मूळ मोजमापे मागितली. निबंध जितका जुना, तितकी ती मिळण्याची आशा कमी; आणि ही घट दर वर्षाला सुमारे १७ टक्के या गतीने होत असल्याचे त्यांना आढळले. काही लेखकांचे पत्ते बदलले होते, काहींची मोजमापे जुन्या चकत्यांवर होती आणि त्या वाचणारी यंत्रेच नाहीशी झाली होती. एकाच वर्षी झालेल्या पावसाची, एकाच हंगामात उगवलेल्या रोपांची ही मोजमापे. तो हंगाम पुन्हा येत नाही. माणसाच्या खणात ठेवलेले ज्ञान माणसाबरोबर जाते, ही गोष्ट रिछारियांच्या पिढीने धानाच्या बाबतीत ओळखली होती.

याच्या उलट, कोठार सर्वांना खुले ठेवले तर काय साधते, हेही धानानेच दाखविले आहे. चीनमधील दोन संस्था आणि फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्था यांनी ८९ देशांतील ३,००० धानवाणांची जनुकीय रचना वाचून ती २०१४ साली खुली केली. ती माहिती १३.४ टेराबाइट, म्हणजे १३,००० गिगाबाइटांहून अधिक भरली. अशी सामग्री कोठल्याही छापील नियतकालिकात मावली नसती. आता रायपूरमधील संशोधकालाही ती तितकीच उपलब्ध आहे, जितकी ती बीजिंग अथवा मनिलातील संशोधकाला आहे. भारत सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजनाही याच दिशेने जाते. तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० वर संस्थांना खुली करण्याचे ठरले. वर्गणीअभावी बंद असलेली अनेक दारे त्यामुळे उघडतील. दार उघडल्यावर आत जाऊन नेमकी वस्तू आणण्याचे काम मात्र सप्डेटासारख्या साधनांचे आहे.

येथे एक शंका मनात येणे स्वाभाविक आहे. सारे कोठार खुले केले तर ते लुटले जाणार नाही काय? रायपूरला ही शंका पुस्तकी वाटत नाही. रिछारियांच्या संग्रहाच्या वापरासंबंधी विद्यापीठ आणि सिंजेंटा ही बहुराष्ट्रीय बियाणे-कंपनी यांच्यात सहकार्याचा करार होऊ घातला असल्याचे २००२ साली प्रकाशात आले. शेतकऱ्यांच्या संघटना, शास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक यांनी त्याला कसून विरोध केला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली. ज्यांच्या पूर्वजांनी या जाती निवडल्या आणि राखल्या, त्यांना विचारल्यावाचून त्या परस्पर कोणाच्या हवाली करता येणार नाहीत, हा त्या विरोधाचा गाभा होता. २००१ चा पीकवाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा आणि २००२ चा जैवविविधता कायदा यांच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

तेव्हा खुलेपणा आणि बेवारसपणा यांत भेद केला पाहिजे. बंद दाराआड एकाच कंपनीशी केलेला सौदा हा खुलेपणा नव्हे. आणि सर्वांना दिसणारी, सर्वांना तपासता येणारी, मूळ गावाचे आणि मूळ नावाचे ऋण मान्य करणारी नोंद ही लूट नव्हे. नोंद उघड असेल तर तो वाण आपणच निर्माण केला असा दावा परक्याला सहजासहजी करता येत नाही. कारण त्याआधीची साक्ष जगापुढे असते. तरीही केवळ आकड्यांवरून कोणी नफा मिळविला तर त्यात मूळ राखणदारांचा वाटा काय, हा प्रश्न उरतोच. जैवविविधता कराराच्या सदस्य-राष्ट्रांनी २०२२ साली माँट्रियल येथे त्याकरिता यंत्रणा उभारण्याचे ठरविले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रोम येथे ‘काली निधी’ सुरू करण्यात आला. जनुकांच्या संगणकीय माहितीपासून लाभ मिळविणाऱ्या उद्योगांनी आपल्या लाभाचा काही अंश त्यात घालावा आणि त्यातील मोठा भाग मूळ रहिवासी व स्थानिक समाजांकडे जावा, असा त्याचा हेतू आहे. या निधीत देणे ऐच्छिक आहे. तेव्हा पुढील वाटचाल लोकमताच्या जागरूकतेवर अवलंबून राहील.

निबंध लिहिणाऱ्याकडूनही काही अपेक्षा आहेत, आणि त्या मुळीच खर्चिक नाहीत. कोष्टकाचे छायाचित्र जोडू नये. ज्यातील आकडे यंत्राला वाचता येतील अशी साधी फाइल जोडावी. प्रत्येक स्तंभाखाली काय मोजले आणि कोणत्या मापाने मोजले, ते सोबतच्या पानावर लिहावे. सामग्री स्वतःच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर न ठेवता, कायमचा क्रमांक देणाऱ्या सार्वजनिक भांडारात ठेवावी. आणि धानाचा नमुना ज्या गावातून घेतला, त्या गावाचे नाव गाळू नये. एवढे केले तर पन्नास वर्षांनंतरही एखाद्या अभ्यासकाला क्रमांक सांगताच कोष्टक मिळेल; आणि कोष्टकावरून वाण, वाणावरून गाव, असा माग त्याला काढता येईल.